रेड रॉक कॅन्यनचा २१ किलोमीटरचा फेरा: सायकलने करावा की गाडीने?

चाकवाली
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहिणीकडे हेंडरसनला जाते आहे, म्हणजे लास वेगासला लागूनच. कॅसिनो बघायला एक संध्याकाळ पुरते, बाकीचे दिवस काय करणार ते तूच ठरव, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. मी ठरवलंय रेड रॉक कॅन्यन. वेगासच्या झगमगाटापासून २७-२८ किलोमीटर पश्चिमेला, मोजावे वाळवंटात. आत १३ मैलांचा, म्हणजे साधारण २१ किलोमीटरचा एकेरी डांबरी रस्ता आहे. लाल खडकांच्या कडेकडेने चढतो, वर जातो, मग कड्यांच्या पायथ्याने उतरून १५९ क्रमांकाच्या राज्य मार्गाला मिळतो. तिथून तीनेक किलोमीटर मागे आलं की फेरा पूर्ण.

नाशिक-त्र्यंबक-नाशिक हा माझा नेहमीचा रविवार, त्यामुळे अंतराची भीती नाही. पण नवऱ्याचं म्हणणं असं की पंचवीस किलोमीटरसाठी सायकल भाड्याने घ्यायची, ती गाडीत कोंबायची, परत द्यायची, त्यापेक्षा गाडीने फिरू, ठिकठिकाणी उतरू आणि जेवायच्या वेळेला घरी. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही सुचत नाही. कोणी केला आहे का हा फेरा? एकटीने पहाटे जाणं कितपत बरं? चढ कसा आहे?

सदाशिवपेठी
मी पयला! चढाचं सांगतो. प्रवेशद्वार समुद्रसपाटीपासून ३७०० फुटांच्या आसपास, सर्वांत उंच जागा हाय पॉइंट ओव्हरलूक, ४७७१ फूट. म्हणजे तीनशे-सव्वातीनशे मीटर चढ, तो पहिल्या आठेक किलोमीटरमध्ये. सिंहगडाच्या निम्मा. पुण्यातली शाळकरी मुलं असं काही दप्तर पाठीवर घेऊन चढतात.

चाकवाली
@सदाशिवपेठी, सिंहगड आला नाही असा सायकलचा धागा मी अजून पाहिला नाही. :) चौथ्या मिनिटाला आणलात.

फुकटचंबू
चौऱ्यांशीचा फेरा चुकवायला माणसं तीर्थाटन करतात, तुम्ही एकविसाचा फेरा विकत घेताय. चालू द्या.

मोजावे_मामा
गेली बरीच वर्षं वेगासमध्ये राहतो. हा रस्ता सायकलवर सगळ्या ऋतूंत केलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सदाशिवपेठींचे आकडे बरोबर आहेत, पण सिंहगडाशी तुलना फसवी आहे. सिंहगडावर झाडी आहे, वर गेल्यावर ताक-पिठलं आहे. इथे संपूर्ण रस्त्यावर सावली नाही आणि पिण्याचं पाणी फक्त सुरुवातीला, व्हिजिटर सेंटरपाशी. त्यानंतर शौचालयं भेटतील, नळ भेटणार नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, तो आधीच उडून जातो. आपण फारसं घामाघूम झालो नाही असं वाटत राहतं आणि डोकं दुखायला लागतं. आपल्याकडच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला हे शरीराकडून कळायला वेळ लागतो. नोव्हेंबर असला तरी दोन मोठ्या बाटल्या भरून घ्या.

नोव्हेंबर मात्र उत्तम निवडलात. उन्हाळ्यात इथे येणाऱ्याला मी हात जोडतो. ७ जुलै २०२४ ला वेगासमध्ये १२० फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ सेल्सिअस झालं होतं. कॅन्यन थोडं उंचावर म्हणून काही अंश कमी, एवढाच दिलासा. जुलै ते सप्टेंबर कधी कधी ढगफुटीसारखा पाऊस येतो आणि कोरडे ओढे मिनिटांत भरून रस्त्यावर येतात. वसंतात वारा जीव खातो. जानेवारीत पहाटे सावलीतल्या वळणांवर बर्फ असू शकतो.

आता रस्ता. सुरुवातीला थोडा उतार, मग कॅलिको हिल्स उजव्या हाताला. लाल, गुलाबी, मध्येच पांढरट, असे खडक. कॅलिको १ आणि कॅलिको २ या थांब्यांवर गाड्यांची झुंबड असते. चढ सलग आहे पण अंगावर येणारा नाही, सरासरी चार टक्के. सँडस्टोन क्वॉरीनंतर दम लागतो. हाय पॉइंटला पोचलात की मागे सगळी दरी पसरलेली दिसते. मग वळणावळणाचा उतार, विलो स्प्रिंग्जचा फाटा, आइस बॉक्स कॅन्यन, पाइन क्रीक, ओक क्रीक. उतार म्हणतात खरे, पण मध्ये मध्ये छोटे चढ आहेत आणि पाय गार पडल्यावर तेच जास्त लागतात.

फेरा घड्याळाच्या उलट दिशेने असल्यामुळे डोंगर पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्या उजव्या हाताला राहतो. अमेरिकेत सायकल उजव्या कडेने चालवायची, म्हणजे तुमच्यात आणि खडकांत दुसरी गाडी येत नाही.

झुळूक
मामा, सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.

खडूस_काका
नवऱ्याचं बरोबर आहे. मी गाडीने गेलो होतो, सगळे थांबे घेतले, कॅलिको टँक्सपर्यंत चालत गेलो. तिथे खडकात पाणी साठलेलं कुंड आहे आणि पुढे गेलं की लांबवर वेगास दिसतं. हे सायकलवाल्याला जमत नाही. तो खाली मान घालून पुढच्या चाकाकडे बघत तास-दीड तासात फेरा उरकतो आणि मनगटावरच्या घड्याळात आकडे बघतो. डोंगर कोणी बघितला? गाडीवाल्याने.

सदाशिवपेठी
काका, गाडीवाल्याने डोंगर काचेतून बघितला. त्यातही निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात.

खडूस_काका
@सदाशिवपेठी, आरक्षण केलं की पार्किंग मिळतं. सकाळी लवकरचा स्लॉट घ्या, काही त्रास नाही.

मोजावे_मामा
आरक्षणाचा विषय निघालाच आहे म्हणून: १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ मध्ये गाडीने आत शिरायचं तर वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. सायकलने किंवा पायी येणाऱ्याला ती लागत नाही. प्रवेशशुल्क मात्र दोघांनाही आहे, सायकलचं गाडीपेक्षा बरंच कमी. निघण्याआधी रेड रॉकच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या, नियम बदलत असतात. दरवाजा सकाळी ६ ला उघडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी ५ ला बंद होतो, आणि बंद म्हणजे बंद.

नवरा गाडीने आणि तुम्ही सायकलने असं करणार असाल तर त्याला वेळ राखून ठेवावी लागेल, तुम्हाला नाही. घरात हे आधीच ठरवा.

फुकटचंबू
नवऱ्याला आरक्षण, बायकोला मुक्त प्रवेश. नेवाडा पुरोगामी आहे.

थरांचा_माणूस
भूगर्भशास्त्र शिकलो आहे, पोट दुसऱ्याच गोष्टीवर चालतं, म्हणून असे धागे दिसले की राहवत नाही.

हा फेरा का बघायचा याचं माझं कारण सायकल किंवा गाडी यांपैकी कुठलंच नाही. हाय पॉइंटच्या आसपास थांबा आणि उत्तरेकडच्या डोंगररांगेकडे बघा. खाली लाल-पांढरा वालुकाश्म, वर करडा चुनखडक. आता गंमत अशी की वरचा करडा खडक खालच्या लाल खडकापेक्षा कितीतरी जुना आहे. लाल वालुकाश्माला अॅझ्टेक सँडस्टोन म्हणतात, तो ज्युरासिक काळातला, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा. वरचा चुनखडक ज्युरासिकच्याही आधीच्या, पॅलिओझोइक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला, त्याचा जुना भाग ५० कोटी वर्षांपर्यंत मागे जातो. जुना खडक नव्याच्या डोक्यावर बसला, कारण भूकवचावर आडवा दाब येऊन एक प्रचंड चकती तुटली आणि पूर्वेकडे सरकत नव्या खडकावर चढली. याला कीस्टोन थ्रस्ट म्हणतात. जगभरातली पाठ्यपुस्तकं या जागेचे फोटो छापतात, कारण इथे झाडंझुडपं कमी असल्यामुळे दोन रंगांमधली रेघ उघड्या डोळ्यांनी, रस्त्यावरून दिसते.

सह्याद्रीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पडले, खालचा जुना, वरचा नवा, सरळ हिशेब. तिथे हिशेबच उलटा.

आणि लाल खडक जवळून बघा. त्यावर तिरप्या रेघा दिसतील, एक झुपका या बाजूला कललेला, त्याच्यावरचा दुसऱ्या बाजूला. त्या वाळूच्या टेकड्यांच्या उतारांच्या खुणा आहेत. ज्युरासिकमध्ये इथे वाळूचा समुद्र होता आणि वारा ज्या बाजूला वाळू लोटत होता ती दिशा अजून खडकात आहे. हाच वालुकाश्म पुढे युटामध्ये झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कड्यांत भेटतो, तिथे त्याचं नाव नवाहो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. जिथे भूजलाने लोह धुऊन नेलं तिथे पांढरट.

खडूस_काका
@थरांचा_माणूस, हे सगळं गाडीतून उतरून बघता येतं एवढंच माझं म्हणणं.

थरांचा_माणूस
येतं. पण गाडीतून माणूस थांब्यावर उतरतो आणि रेघ थांब्यांच्या मधल्या टप्प्यात दिसते. सायकलचा वेग चढावर ताशी दहा-बारा. खडक वाचायला तो योग्य वेग आहे.

बोरिंग_बबन
सँडस्टोन क्वॉरीची खाण साधारण १९०५ ते १९१२ चालली. इथला दगड बांधकामासाठी कॅलिफोर्नियात पाठवायचे. वाहतूक परवडेना, बंद पडली. कापलेले मोठमोठे चौकोनी ठोकळे अजून तिथेच पडले आहेत. एवढंच.

निवडुंग
टुसॉनवरून, म्हणजे अॅरिझोनातून. सायकलसाठी वाळवंटातला फेरा हवा असेल तर आमच्याकडे या की. सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागात कॅक्टस फॉरेस्ट लूप आहे. ८ मैल, डांबरी, बहुतेक एकेरी. दोन्ही बाजूंना हात वर केलेले तीस-चाळीस फुटी निवडुंग. सुरुवातीलाच एक खोल, वळणदार उतार आहे, तिथे नवखे हमखास ब्रेक दाबून बसतात. आमच्या इथे माणसं एक फेरा करत नाहीत, दोन-तीन करतात. रेड रॉकमध्ये मोटारी फार.

सदाशिवपेठी
निवडुंग यांनी निवडुंगाची जाहिरात केली आहे, वाचकांनी नोंद घ्यावी.

चाकवाली
निवडुंग, टुसॉन वेगासहून साडेसहाशे किलोमीटर आहे हो. बहिणीला सांगितलं तर मला विमानतळावरच सोडून येईल. पण झायन यादीत आहे. तिथे सायकल चालते का?

मोजावे_मामा
झायन कॅन्यनच्या आतल्या रस्त्यावर वर्षातला बराच काळ खासगी गाड्यांना बंदी असते, फक्त उद्यानाच्या शटल बस. सायकलला परवानगी आहे. मागून बस आली की कडेला थांबून तिला पुढे जाऊ द्यायचं, हा नियम. नदीच्या काठाने, दोन्हीकडे हजार-दोन हजार फुटी भिंती आणि मोटारींचा आवाज नाही. चढ जवळपास नाहीच. खरं सांगू का, निव्वळ सायकलचा आनंद म्हणून झायन वरचढ आहे. पण ते अडीच-तीन तास लांब, रेड रॉक तुमच्या बहिणीच्या घरापासून पाऊण तासावर. आणि तिथल्या मोठ्या बोगद्यातून सायकल चालवता येत नाही, त्या बाजूला जायचं मनात आणू नका.

डॉक्टरीणबाई
पाण्याबद्दल थोडं. नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखरही हवी. आपली ओआरएसची पाकिटं सोबत घेऊन जा, एका बाटलीत ती आणि दुसरीत साधं पाणी. निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी वाढवा. विमानप्रवासाने आधीच कोरडं झालेलं असतं अंग. पोचल्यावर दोन दिवस जाऊ द्या, झोपेचं घड्याळ जुळू द्या, मग सायकल.

झुळूक
आणि शेंगदाण्याची चिक्की! सायकलवाल्यांच्या त्या एनर्जी जेलच्या पाकिटांपेक्षा शंभर पटीने बरी.

सदाशिवपेठी
लोणावळ्याची की साधी?

झुळूक
हा वाद इथे नको, वेगळा धागा काढा.

सराटा_पायात
माझं नाव बघून कळलं असेल मी कशाबद्दल लिहिणार. पंक्चर.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे सायकलस्वारांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गोटहेड नावाचा काटा. कुठल्याही टायरमधून आरपार. तो कोण माहीत आहे का? आपला सराटा. तोच तो गोखरू, लहानपणी अनवाणी खेळताना टाचेत घुसणारा, जमिनीसरपट वेल, पिवळं पिटुकलं फूल. जुन्या जगातली वनस्पती, माणसांच्या नि जनावरांच्या मागे लागून अमेरिकेत पोचली आणि कोरड्या रस्त्यांच्या कडेला अशी माजली की तिला आवरायला १९६१ मध्ये इटलीहून सोंडे किडे आणून सोडले. एक किडा बी खातो, दुसरा खोड पोखरतो.

तात्पर्य: डांबरावर राहा. फोटो काढायला सायकल कडेच्या मातीत ढकलत नेऊ नका, उचलून न्या. भाड्याने घेताना ट्यूबलेस आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) आहे का ते विचारा. नसेल तर दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या दुकानातूनच मागून घ्या.

फुकटचंबू
काटा आपला, किडा इटलीचा. आता हा धागा राजकारणात जाणार.

प्रशासक_२
जाणार नाही.

खडूस_काका
सराट्याचं माहीत नव्हतं. चांगली माहिती.

सदाशिवपेठी
खडूस काकांनी कौतुक केलं! धागा सार्थकी लागला, कुलूप लावा आता.

घाटवाट
एक मुद्दा कुणी बोललं नाही. ब्रेक. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेत डाव्या हाताला पुढचा. हाय पॉइंटनंतरच्या उतारावर, वळणात, सवयीने डावा हात आवळला तर पुढचं चाक जागेवर थांबेल आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाल. सायकल ताब्यात घेतल्यावर दुकानाबाहेर रिकाम्या जागेत दहा मिनिटं फक्त ब्रेक दाबण्याचा सराव करा. किंवा दुकानदाराला बदलून द्यायला सांगा, पण डिस्क ब्रेक असतील तर तो बहुधा नाही म्हणेल.

दुसरं, फेऱ्याच्या शेवटी १५९ ला डावीकडे वळायचं आहे. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते म्हणजे हे डावं वळण आपल्या उजव्या वळणासारखं, समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडून. इतका वेळ एकेरी रस्त्यावर निवांत चालवल्यावर मेंदू नाशिकमध्ये असतो. थांबा, दोन्हीकडे बघा, मग वळा.

चाकवाली
@घाटवाट, हे डोक्यातच आलं नव्हतं! ब्रेकचं वहीत लिहून घेतलं, लाल शाईने.

मोजावे_मामा
घाटवाट यांना दुजोरा. १५९ वर गाड्या आतल्या रस्त्यापेक्षा बऱ्याच वेगात असतात. डांबरी कडपट्टी आहे, तिच्यातच राहा. नेवाड्यात सायकलला ओलांडताना किमान तीन फूट अंतर सोडण्याचा कायदा आहे आणि शनिवार-रविवारी या रस्त्यावर सायकलवाल्यांचे थवे असल्यामुळे गाडीवाल्यांना सवयही आहे. तरी मागे लुकलुकणारा लाल दिवा भर दिवसा चालू ठेवा.

आतल्या रस्त्यावर धोका वेगळा. गाड्या हळू असतात, पण चालवणाऱ्याचे डोळे डोंगराकडे असतात. थांब्यांच्या तोंडाशी गाडी एकदम वळते किंवा उलटी बाहेर येते. तिथे वेग कमी करा.

रातराणी
एकटीने जाण्याबद्दल मूळ प्रश्न होता, त्यावर सगळ्या पुरुषांनी ब्रेक आणि खडक सांगितले. :) मी एकटी गेलेली बाई म्हणून सांगते. उजाडल्यावर आत शिरले होते, सायकलवाले बरेच होते, निम्म्या बायका. प्रत्येक जण 'मॉर्निंग' म्हणून पुढे जात होता. माणसांची भीती वाटली नाही. अडचण आहे ती फोनची, मध्ये मध्ये रेंज जाते. बहिणीला वेळ सांगून ठेवा, अमुक वाजेपर्यंत बाहेर आले नाही तर निघ, एवढं. नकाशा आधी उतरवून ठेवा, तसा रस्ता एकच आहे, चुकायला जागाच नाही.

माझा आवडता थांबा विलो स्प्रिंग्ज. मुख्य रस्त्यापासून थोडं आत वळावं लागतं. तिथल्या खडकांवर जुनी चित्रं आहेत, कोरलेली नि रंगवलेली, हाताचे ठसे सुद्धा. इथल्या मूळ रहिवाशांच्या, साऊदर्न पायुट लोकांच्या पूर्वजांची ही भूमी. अगावे (घायपाताच्या जातीची वनस्पती) भाजायच्या जुन्या भट्ट्यांच्या खुणाही आसपास आहेत, नुसता दगडांचा गोल ढीग वाटतो. हात लावू नका एवढंच.

खडूस_काका
बघा, रातराणी सायकल कडेला लावून चालल्याच ना?

रातराणी
चालले. साध्या पेडलची सायकल घेतली होती आणि साधे बूट. म्हणूनच चालता आलं.

सदाशिवपेठी
साधे पेडल? क्लीटशिवाय, म्हणजे बूट पेडलला अडकवल्याशिवाय, चढ? देवा.

रातराणी
@सदाशिवपेठी, तुम्ही क्लीट घालून वालुकाश्मावर चाला, मी व्हिडिओ काढते.

थरांचा_माणूस
इथे मी रातराणींच्या बाजूने. या फेऱ्याची किंमत थांबण्यात आहे. क्लीटवाला थांबत नाही, थांबला तर डांबरावरच उभा राहतो. आणि पाऊस पडून गेला असेल तर खडकावर चढूच नका. हा वालुकाश्म ओला झाला की ठिसूळ होतो, प्रस्तरारोहण करणारे सुद्धा एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, थांबतात.

झुळूक
प्राणी दिसतात का?

मोजावे_मामा
बिगहॉर्न मेंढ्या नशिबात असतील तर कड्यावर. कासव दिसलंच तर हात लावू नका. मोजावेचं वाळवंटी कासव १९९० पासून संरक्षित यादीत आहे, आणि उचललं की घाबरून मूत्राशय रिकामं करतं. त्याने महिनोन्महिने साठवलेलं पाणी तेच असतं, ते गेलं की उन्हाळ्यात मरू शकतं. नोव्हेंबरमध्ये ती बहुधा बिळात गेलेली असतात.

आणि गाढवं. १५९ च्या कडेला, ब्लू डायमंड गावाच्या दिशेने, रानटी गाढवांचे कळप फिरतात. खाणवाल्यांनी आणलेल्या गाढवांचे वंशज, १९७१ च्या कायद्याने संरक्षित. त्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे, कारण खाऊच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात.

फुकटचंबू
चिक्की लपवा.

टेकाड
ई-सायकलबद्दल कोणी बोलेल का? नवऱ्याला ई-सायकल द्या, वाद संपला. मोटारींच्या रस्त्यावर ई-सायकल चालते, हरकत नाही.

सदाशिवपेठी
ई-सायकल म्हणजे फसवणूक.

टेकाड
कुणाची? डोंगराची? माझे वडील सत्तरीत ई-सायकलवर हा फेरा करून आले, मी घामाघूम होऊन मागून. वर पोचल्यावर ते फोटो काढून मोकळे होते.

चाकवाली
टेकाड, ही कल्पना भन्नाट आहे. नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: "बॅटरी संपली तर?" म्हणजे तो विचार करतोय!

घाटवाट
पंचवीस किलोमीटरला बॅटरी संपत नाही, फक्त आदल्या रात्री चार्ज केली का ते दुकानात विचारा.

खडूस_काका
मूळ प्रश्नाकडे येतो. चाकवाली, तुम्ही सायकलनेच जा. पण माझी एक अट. फेरा एका दमात करू नका. कॅलिको २ ला थांबून खाली खडकांत उतरा, क्वॉरीत ते ठोकळे बघा, विलो स्प्रिंग्जला चित्रं बघा, पाइन क्रीकला निदान वरून तरी पाहा, तिथे वाळवंटात पाँडेरोसा पाइन वाढलेले आहेत. सायकलला कुलूप न्या. असं केलंत तर गाडीवाल्याला काही बोलायला जागा राहत नाही. आकडे बघायला जाणार असाल तर गाडीने जा.

सदाशिवपेठी
काका सायकलपक्षात?

खडूस_काका
मी कुठल्याच पक्षात नाही. कॅलिको टँक्स मात्र वेगळ्या दिवशी गाडीने करा, त्याला दोन-तीन तास द्यावे लागतात, तेवढा वेळ भाड्याची सायकल पार्किंगमध्ये ठेवून मी तरी जाणार नाही.

चाकवाली
हे मला पटलं. तर ठरलं असं: मंगळवार किंवा बुधवार, शनिवार-रविवार नाही. पोचल्यावर तीन दिवसांनी. मी साध्या पेडलची रोड बाईक, नवरा ई-सायकल (अजून पूर्ण होकार नाही, पण मान हलवली आहे). सहा वाजता दारात. झायनला बहीण नेणार, तिथे फक्त शटल नि पायी.

एक राहिलं. सहाला आत शिरलो तर कॅलिको हिल्सवर ऊन असेल का? फोटोंसाठी विचारते.

मोजावे_मामा
नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर सूर्योदय सहा-सव्वासहाच्या आसपास, त्याआधी आलात तर सातच्या सुमारास. त्या रविवारनंतरचा आठवडा धरा म्हणजे दार उघडायला नि उजाडायला गाठ पडेल. सकाळचं ऊन पश्चिमेच्या मोठ्या कड्यांवर थेट पडतं, तुम्ही हाय पॉइंट उतरून तिकडे पोचाल तेव्हा ते उजळलेले असतील. दुपारनंतर तेच कडे सावलीत जातात, तेव्हा उशीर करू नका. पहाटे थंडी असते, पाच-सहा अंशांपर्यंत उतरते कधी कधी. चढावर लागणार नाही, उतारावर बोटं गोठतील. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या.

घाटवाट
आणि गोठलेल्या बोटांनी डावा ब्रेक आवळू नका!

झुळूक
फोटो टाका परत आल्यावर. गाढवांचे पण.